म्हशीच्या पोटातला मुद्देमाल

नोकरीत हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या गावची हाणामारी, कुठल्या गावची घरफोडी, विचारलं तर चटकन सांगता यायचं नाही. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढं उभं राहतं, कारण त्यातला मुद्देमाल खरोखरच उभा होता, रवंथ करत होता, आणि पंचनामा चालू असताना त्यानं आमच्या जमादारांच्या बुटावर शेण टाकलं. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं हयात आहेत, म्हैसही हयात आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. संक्रांत नुकतीच झालेली. सकाळची हजेरी घ्यावी, स्टेशन डायरीवर नजर टाकावी आणि चहाचा कप तोंडाला लावावा, की नेमका त्याच वेळी अर्जदार हजर, असा त्या ठाण्याचा रिवाज होता. मला चहात व्यत्यय खपत नाही. पण आलेले गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आणि गुरुजी म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस आजही आधी उभा राहतो.

त्यांनी माझ्या टेबलावर पाइपाचा एक तुकडा ठेवला. आत पांढरा थर असा दाटला होता की पेन्सिलसुद्धा पलीकडं गेली नसती.

"हे चुंबकाच्या आधीचं," गुरुजी म्हणाले.

"आणि चुंबकाच्या नंतरचं?"

"ते दाखवायलाच तर गावाला बोलावलं होतं साहेब. चुंबक चोरीला गेला."

मी त्यांना चहा सांगितला. त्या दिवशी ठाण्यात दूध नव्हतं म्हणून लिंबाचा चहा आला. गुरुजींनी कप हातानं लांब सारला. "आंबट मला बाधतं. आमच्या घरात लिंबूसुद्धा येत नाही." मग त्यांनी सगळं बैजवार सांगितलं.

आमच्या भागात बोअरचं पाणी जड. नळाला, बादलीला, पाण्याच्या बंबाला महिन्याभरात पांढरे क्षार धरतात आणि पाइप चोंदतात. गुरुजींनी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात एका फिरत्या विक्रेत्याकडून पाइपावर बसवायचा चुंबक आणला होता. बोटभर लांब, अंगठ्याएवढा जाड, गुळगुळीत. तो पाइपाला लावला की क्षार धरत नाहीत, असं विक्रेत्याचं म्हणणं. गुरुजींनी त्यावर आपलं शास्त्रही बसवलं होतं.

"साहेब, चुंबकातून पाणी गेलं की क्षार प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे रांगेत लागतात. भिंतीला टेकत नाहीत. सरळ बाहेर."

त्यात खरं किती, खोटं किती, हे ठरवायला मी काही बसलो नव्हतो. पण गुरुजींची खात्री पक्की होती. परसातल्या पाइपावर चुंबक बसवून त्यांनी त्याला पत्र्याची डबी केली आणि वर कुलूप घातलं. झाकण उघडलं तर गुण जातो असं विक्रेत्यानं बजावलं होतं, म्हणून त्यांनी ती डबी पुन्हा कधी उघडली नाही. रोज सकाळी चष्मा लावून ते नळाजवळ जायचे, तोटीवरून बोट फिरवायचे आणि मोठ्यानं "पास" म्हणायचे. दिवाळीत गावातल्या लोकांना घरी बोलावून त्यांनी नळ दाखवला, भाषण केलं. गावाच्या टाकीलाही चुंबक बसवायचं ठरत आलं. आदल्या संध्याकाळी सरपंच आणि मंडळी पाहायला आली. सरपंच अडून बसले, "आत काय हाय ते तरी बघू द्या, गुरुजी." मग कुलूप काढलं. डबी रिकामी.

"चोरी कधी झाली असावी?" मी विचारलं.

"काल दिवसा. काल सकाळपर्यंत नळाला गुण होता ना."

"चुंबक शेवटचा कधी पाहिलात?"

"तो पाहायचा नसतो साहेब. त्याचा परिणाम पाहायचा असतो."

मी अर्ज घेतला, पण गुन्हा लगेच नोंदवला नाही. चौकशीवर ठेवला. गुरुजींना ते रुचलं नाही. जाताना दारातून वळून म्हणाले, "चुंबकाचं काही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे." दरोडेखोराला मी कधी भ्यालो नाही, पण तत्त्वाचा प्रश्न घेऊन येणाऱ्या अर्जदाराचा मला धसका आहे. तो मिटवून घेत नाही, थकत नाही आणि रोज येतो.

बीट जमादारांना गावात पाठवलं. माणूस जुना, मुरलेला. आवाज न चढवता काम करणारा. त्यांचा एक चहावाला खबऱ्या जवळा बाजारात होता. त्यानं बाजारच्या दिवशी कानात सांगितलं, "गुरुजींच्या मागच्या घरातल्या मावशीनं म्हशीला चुंबक चारला म्हणतेत. जनावरांच्या दवाखान्यात बोलणं झालं होतं."

जमादारांनी ही खबर मला अगदी गंभीर चेहऱ्यानं दिली. मी म्हटलं, "म्हशीला चुंबक कोण चारतं?"

"ते मला बी ठाव न्हाई साहेब. पण खबर पक्की हाय."

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, आपण तिच्या राहत्या घरी जायचं असतं. महिला शिपाई आणि जमादार यांना घेऊन मी मावशीच्या गोठ्यात गेलो. गुरुजींच्या परसाला आणि हिच्या गोठ्याला मध्ये एकच कमरेएवढी भिंत. भिंतीला लागून लिंबाचं झाड, फळांनी लगडलेलं. मावशी विधवा होती, पन्नाशी उलटलेली. एक म्हैस आणि गल्लीतले दुधाचे रतीब, एवढ्यावर तिचं घर चालायचं. आम्ही गेलो तेव्हा ती धार काढत होती. उठली नाही.

"इचारा काय इचारायचं ते. पान्हा सोडलाय तिनं, आता थांबता येत न्हाई."

"मावशी, गुरुजींचा चुंबक तुमच्याकडं आहे का?"

"माझ्याकडं न्हाई. हिच्याकडं हाय." तिनं कपाळानंच म्हशीच्या पोटाला ढुशी दिली.

"चोरलात?"

"न्हाई. घेतला."

"कशासाठी?"

"म्हैस मरून राहिली होती साहेब. चाऱ्याच्या कुटारातून तारंचा तुकडा गेला हिच्या पोटात. खाणं सोडलं, पाठ वर काढून कण्हायची. डॉक्टर म्हणले पोटात चुंबक सोडावा लागतो, तो तारंला धरून ठिवतो. त्याहीच्याकडं नव्हता, शहरातून मागवायचा म्हणले. तवर म्हैस ऱ्हाती व्हय?"

"कुलूप कसं उघडलं?"

"किल्लीनं."

"किल्ली कुणी दिली?"

चरवीत धार वाजत राहिली. मी पुन्हा विचारलं. जमादारांनी समजावलं. महिला शिपाई शेजारी बसून मऊ आवाजात बोलली. मावशी ढिम्म.

"माझं काय करायचं ते करा," शेवटी ती म्हणाली. "पण त्येवढं इचारू नका. म्या शब्द दिलाय."

सराईत चोर खोटं बोलतो, नवखा चोर रडतो. ही बाई दोन्ही करत नव्हती. मला तिथंच शंका आली की आपण चुकीच्या बाजूनं शिरलोय. पण शंका जबाबात लिहिता येत नाही.

भिंतीपलीकडून गुरुजींनी सगळं ऐकलं होतं. ते शाळेतलं होकायंत्र घेऊन आले आणि मागून अर्धी गल्ली. "पुराव्याशिवाय मी कुणाला दोष देत नाही," असं म्हणत त्यांनी होकायंत्र तळहातावर धरलं. मी पंच बोलावले, कारण आता काहीतरी रीतसर करणं भाग होतं. होकायंत्र म्हशीच्या छातीशी, पुढच्या पायामागं नेल्याबरोबर सुई उत्तर सोडून म्हशीकडं वळली. म्हैस डावीकडं सरली, सुई डावीकडं. म्हैस उजवीकडं, सुई उजवीकडं. पंचांपैकी एकानं नकळत हात जोडले. त्याच वेळी जमादारांच्या बुटाचं ते झालं.

"जप्त करा," गुरुजी म्हणाले.

"काय जप्त करू? म्हैस का चुंबक?"

"चुंबक म्हशीत आहे. म्हणजे दोन्ही."

मुद्देमाल जप्त केला की सील करून, लेबल लावून मुद्देमाल खोलीत ठेवायचा असतो. मी जमादारांकडं पाहिलं. ते बूट पुसता पुसता हळूच म्हणाले, "साहेब, हिला त्या खोलीत न्हेलं तर ही आधीचा सगळा मुद्देमाल खाऊन टाकील."

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. नवरात्रात घट बसले होते त्या दिवसांत त्यांनी स्वतः तो चुंबक गुळाच्या गोळ्यातून म्हशीच्या नरड्यात सोडला होता. तो मावशीनं आणून दिला, कुठून आणला ते त्यांनी विचारलं नव्हतं. आता तो काढायचा तर पोट फाडावं लागेल. "चुंबकानं तार धरून ठेवलीय. तो निघाला की तार काळजाकडं सरकणार. म्हैस जगेल असं मी लिहून देणार नाही."

इतका वेळ मावशी ताठ बसली होती. हे ऐकल्यावर मात्र तिनं म्हशीच्या गळ्यातलं दावं मुठीत घट्ट धरलं आणि ते सोडेचना. मला वाईट वाटलं. वर्दीतल्या माणसाला असं वाटून चालत नाही म्हणतात, पण वाटतं.

पुढच्या दिवसांत प्रकरण चिघळलं. गल्लीत बातमी झाली की मावशी चोर आहे. एकेका घरानं रतीब बंद केला. जमादार रोज सांगायचे, आज अमक्या घरानं तिची चरवी दारातूनच परत पाठवली, आज तमक्या घरानं. तापवलेलं दूध विरजून विरजून तिच्या घरात दही मावेना. आणि गुरुजी रोज सकाळी माझ्या चहाच्या वेळेला हजर. गुन्हा दाखल करा, नाहीतर मी वर जातो. गुरुजी दुष्ट नव्हते. गावापुढं रिकामी डबी उघडली गेली, ते त्यांना जिव्हारी लागलं होतं.

गुन्हा नोंदवला की म्हैस जाणार किंवा मरणार, आणि मावशीचं नाव कायमचं खराब होणार. नाही नोंदवला की ठाण्याचा प्रभारी चोराला पाठीशी घालतो असं होणार. मी वैतागलो होतो. अशात एका दुपारी जमादार माझ्यासमोर उभे राहून डोकं खाजवत म्हणाले, "साहेब, ह्यो मामला बराबर न्हाई. चुंबक नवरात्रातच म्हशीच्या पोटात गेला. आन् गुरुजी संक्रांतीपर्यंत रोज नळ पास करून राहिले. मग इतके दिवस तो नळ साफ कोण ठिवून राहिलं?"

मी कप खाली ठेवला. इतके दिवस आम्ही आरोपीला प्रश्न विचारत होतो. फिर्यादीला कुणीच विचारले नव्हते.

घटनास्थळ पुन्हा पाहायचं आहे असा निरोप देऊन आम्ही गुरुजींच्या घरी गेलो. कुलूप तपासलं. ओरखडासुद्धा नव्हता. किल्ली कुठं असते विचारलं तर गुरुजी म्हणाले, "बाईच्या जुडग्यात." बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. शांत, हसऱ्या, पदर कमरेला खोचलेल्या. चहा त्यांनीच आणला. त्या कप ठेवत असताना मी त्यांचे हात पाहिले. बोटांची पेरं चिरलेली, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. परसात गेलो, नळ पाहिला. चकाकत होता. नळाच्या मागं, भिंतीच्या आडोशाला केराची टोपली होती. जमादारांनी काठीनं वरचा पाला बाजूला केला. खाली लिंबाची सालं. ताजी, सुकलेली, काळी पडलेली, ढीगभर.

ज्या घरात लिंबूसुद्धा येत नाही त्या घरात.

मी भिंतीपलीकडचं लिंबाचं झाड पाहिलं. मग बाईंच्या हातांची आठवण झाली. सगळं उलगडलं, पण मी त्यांना तिथं काही विचारलं नाही. नवऱ्याच्या तोंडावर बायकोला कोंडीत पकडणं मला कधी जमलं नाही. ओसरीवर आलो आणि आत स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "गुरुजी, तुमचं खरं आहे. उद्या मावशीवर गुन्हा नोंदवतो. म्हैसही नेऊ. पुढं तिचं नशीब."

आत पितळी भांडं खाली पडल्याचा आवाज झाला. बाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"तिला काही करू नका. चुंबक म्या दिला."

गुरुजी हसले. त्यांना वाटलं, बाई शेजारणीला वाचवून राहिली. "तू कशाला देशील?"

"मागितला म्हणून. विरजण मागती, साखर मागती, तसा. मुकं जनावर मरून राहिलं होतं, अन् तुमचा चुंबक डबीत नुसता पडून होता."

"नुसता पडून? अगं त्यानं नळ साफ राहायचा!"

"नळ म्या घासत होते."

गुरुजींचा हात चष्म्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

"कशानं?"

"लिंबानं. भिंतीवरून मावशी द्यायची."

"मला आंबट..."

"तुमाला कुठं देऊन राहिले? नळाला लावत होते."

"म्हणजे माझ्या पाठीमागं तू नळ घासत होतीस?"

"मग काय, तुमच्या पुढ्यात घासायचा?"

जमादार एकदम वळून लिंबाच्या झाडाकडं पाहू लागले. त्यांचे खांदे हलत होते. मीही मिशीवरून हात फिरवला. पण गुरुजींचा चेहरा पाहिला आणि हसू ओसरलं.

"काहून?" ते अगदी हळू म्हणाले. शाळेतली भाषा गळून पडली होती. "काहून केलंस असं?"

बाई त्यांच्याकडं वळल्या. "चुंबक बसवला त्या महिन्यातच थर धरला होता. तुमी रोज चष्मा लावून नळापाशी जायचे. शाळा सुटल्यापास्नं तुमी कशात मन घातलं नव्हतं. जेवायचे बी न्हाई धड. चुंबक आणला अन् तुमी पुन्हा सकाळी उठून, आंघोळ करून, शाळेत निघाल्यासारखे नळाकडं जाया लागले. तुमच्या तोंडावर नापास कसं म्हणायचं? म्हणून तुमी उठायच्या आधी घासून ठिवायचे."

भिंतीपलीकडं मावशी केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. ती पदरानं डोळे पुसत होती. बाई तिला म्हणाल्या, "कुणाला सांगू नको म्हणले होते, तू सांगितलं न्हाईस. बस झालं आता."

गुरुजी उठून आत गेले. मला वाटलं आता घरात अबोला सुरू. पण ते सदरा चढवून, पितळेचं पातेलं घेऊन बाहेर आले. गल्लीतून सरळ, सगळ्यांच्या दारांसमोरून चालत मावशीच्या गोठ्यावर गेले आणि मास्तरी आवाजात म्हणाले, "मावशी, उद्यापासून आमचा रतीब दुप्पट. आणि आजचं दही किती उरलंय? सगळं द्या." आवाज शाळेच्या मैदानावर पोचेल इतका होता. दारांतली डोकी आत गेली. दुसऱ्या दिवशी चरव्या पुन्हा बाहेर आल्या.

गुरुजींनी ठाण्यात येऊन अर्ज गैरसमजातून दिल्याचं लिहून दिलं. जमादारांनी विचारलं, "साहेब, डायरीत मुद्देमालाचं काय लिहू?" मी म्हटलं, लिहा, मूळ मालकानं स्वखुशीनं म्हशीकडं राहू दिला. त्यांनी खरंच तसं लिहिलं. वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि सही केली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर दोन गोष्टी सांगतो. वस्तू हरवली म्हणणाऱ्याला ती शेवटची कधी पाहिली, हे विचारून सोडू नका. उत्तर मिळेपर्यंत तिथंच बसून राहा. आणि घरातलं एखादं काम आपोआप होतंय असं जो सांगतो, त्याच्या घरातल्या बाकीच्यांचे हात बघून घ्या. ही दुसरी गोष्ट प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. पुढं नोकरीचे जे थोडे दिवस राहिले होते त्यात ती मला बोटांचे ठसे घेण्यापेक्षा जास्त उपयोगी पडली.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला काम निघालं म्हणून सकाळीच गुरुजींच्या दारात गेलो. ओसरीवर कुणी नव्हतं. परसात आवाज आला म्हणून मागं गेलो. गुरुजी धोतर वर खोचून उकिडवे बसले होते आणि अर्ध्या लिंबानं नळ घासत होते. मला पाहून लाजले नाहीत. बाई बाजूच्या खुर्चीत चहा पीत बसल्या होत्या. पलीकडं ती म्हैस रवंथ करत उभी होती, पोटात तार आणि चुंबक दोन्ही घेऊन, चांगली तुकतुकीत.

घासून झाल्यावर गुरुजी बाजूला सरकले आणि उभे राहिले, हात मागं बांधून. बाईंनी कप ठेवला. गुरुजींचा चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि तोटीवरून सावकाश बोट फिरवलं.

"काठावर पास," त्या म्हणाल्या. "खालून राहिलंय."

गुरुजी पुन्हा खाली बसले.